आईचा लॅपटॉप आणि माझी धरसोड

२००५ साली उबुंटूची फुकट सीडी पोस्टाने घरी आली आणि मला हा नाद लागला. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट... दर सहा महिन्यांनी नवं बिऱ्हाड. एकदा पार्टिशन करताना घरचे सगळे फोटो उडवले. तेव्हा आईने विचारलं होतं, "अरे, पण तू यावर काम कधी करतोस?" उत्तर नव्हतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. आईचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेईना. त्यावर ती आजोळच्या आठवणी लिहिते. म्हणाली, "राहू दे, वहीत लिहीन." हात थरथरतो, वहीत लिहिणं होत नाही, हे दोघांनाही ठाऊक.

आधी तिची फाईल दोन ठिकाणी कॉपी केली. मग पेनड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता, एकेक दाखवत गेलो. फेडोरा मला आवडतं, ती म्हणाली, "खालची पट्टी कुठे गेली?" मग मिंट एक्सएफसीई लावलं. मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात, सवयीच्या जागी. मराठी इन्स्क्रिप्ट चालू करून दिलं. तिने मला न विचारता रायटर उघडलं आणि टाइप केलं, "आजोळ".

ठरलं!

गंमत म्हणजे मिंट उबुंटूवर बेतलेलं, उबुंटू डेबियनवर. म्हणजे फेडोरा सोडलं तर मी इतकी वर्षं एकाच वाड्यातल्या खोल्या बदलत होतो.

परवा फोन आला, "सतरा पानं झाली रे." डिस्ट्रोचं नाव तिने अजून विचारलेलं नाही. असो.