पाण्याकडे उघडणारी तळघरे

उत्रेख्तच्या जुन्या कालव्याच्या काठाने चालताना कठड्याशी मध्येच एखादा अरुंद जिना खाली उतरतो, आणि सायकलींचा किणकिणाट व दुकानांची वर्दळ डोक्यावर ठेवून त्या पायऱ्या उतरून गेले की आपण एका दुसऱ्याच शहरात येऊन उभे राहतो. समोर संथ, हिरवट पाणी. पाण्यालगत काही हात रुंदीचा फरसबंद धक्का. त्या धक्क्यात मुळे रोवून वरच्या रस्त्याच्याही वर शेंडे नेणारे जुने वृक्ष. आणि पाठीशी विटांच्या कमानी, एकीला लागून दुसरी, नजर पोचेल तेथवर. प्रत्येक कमानीस दार आहे. दाराआड तळघर आहे, आणि ते तळघर रस्त्याच्या पोटाखालून थेट पलीकडच्या घराच्या पायापर्यंत गेलेले आहे. अशी तळघरे या एका शहरात सुमारे सातशे आहेत.

माझा जन्म अकोल्याचा, शिक्षण अमरावतीचे, आणि गेली अकरा वर्षे वास्तव्य या वलंदेजांच्या मुलखात. वलंदेज हा शब्द आपल्या जुन्या दफ्तरांतला. १६३७ पासून वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती ते हे लोक. घरच्या पत्रांतून मी अजून हाच शब्द लिहितो, कारण त्याला गलबतांचा आणि वखारींचा वास आहे, आणि तोच वास या तळघरांनाही आहे. आपल्याकडील प्रवासी ॲमस्टरडॅमचे कालवे पाहून परततात. आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या या गावी क्वचितच कोणी उतरतो. लोकसंख्येने हे शहर अकोल्याहूनही लहान आहे. परंतु ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरून नौकेत बसून घरांचे दर्शनी भाग पाहावे लागतात, तर येथे पाण्याच्या पातळीवर उतरून शहराच्या अंतर्भागात पाऊल टाकता येते. हा भेद मला फार मोठा वाटतो.

या गावाची उत्पत्ती एका उतारातून झाली. इसवी सनाच्या ४७ व्या वर्षाच्या सुमारास रोमन सैन्याने ऱ्हाईन नदीच्या काठी, जेथून ती ओलांडता येत असे तेथे, एक गढी उभारली आणि तिला त्रायेक्तुम, म्हणजे ओलांडण्याची जागा, हे नाव दिले. उत्रेख्त या नावात तोच शब्द झिजून उरला आहे. नदी ही रोमन साम्राज्याची सरहद्द होती आणि तिच्या काठाने अशा गढ्यांची सबंध माळ होती. २०२१ साली युनेस्कोने या सरहद्दीस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पुढे सम्राट पाचवा हेन्री याने २ जून ११२२ रोजी गावास नगराधिकारांची सनद दिली. त्याच सुमारास मात्र वरच्या अंगास नदीवर बांध पडला आणि ज्या प्रवाहामुळे गाव वसले होते त्या प्रवाहाचे पाणी गावापुरते आटले. नदी गेली म्हणजे गाव उठते, हा अनुभव आपल्याकडे कितीतरी ओसाड पांढरींनी घेतला आहे. या लोकांनी गाव उठविले नाही. उत्तरेकडील फेख्त नदीशी संधान जोडणारा कालवा त्यांनी हाताने खणला, आणि जुन्या प्रवाहाचे अवशेष त्यात गुंफून शहराच्या मध्यातून पाणी वाहते ठेवले. तोच हा आउदेख्राख्त, शब्दशः जुना कालवा.

तळघरांचा जन्म या खोदकामातच आहे. खणताना निघालेली माती दोन्ही काठांवर पडली, काठ उंच झाले, रस्ता वर आणि पाणी पुष्कळ खाली, अशी स्थिती निर्माण झाली. गलबतातून उतरलेला माल उंच काठावर चढवून, रस्ता ओलांडून घरात नेणे म्हणजे दुहेरी हमाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी घराच्या तळापासून रस्त्याखालून पाण्यापर्यंत बोगदे बांधले आणि धक्का व कोठार एकाच पातळीवर आणले. मद्याची पिंपे, धान्य, मीठ गलबतातून गडगडत थेट कोठारात जाऊ लागले. गरजेपोटी सुचलेली ही युक्ती शतकानुशतके टिकली आणि तिने या शहराला जगात क्वचितच आढळणारी अशी दुमजली काया दिली. कायद्याच्या दृष्टीनेही तिची व्यवस्था लक्षणीय आहे: तळघर खासगी, त्याच्या माथ्यावरचा रस्ता सार्वजनिक. जुन्या कमानींना आधुनिक वाहनांचा भार सोसत नाही, म्हणून रस्त्यावर वजनाची मर्यादा घातलेली आहे, आणि उपाहारगृहांची पिंपे व जिन्नस नगरपालिकेची विजेवर चालणारी नौका पाण्यावाटे पोचविते. ज्या वाटेने माल यावा म्हणून हे सर्व रचले गेले, त्या वाटेने तो आजही येतो. सकाळी ती नौका पुलाखालून निःशब्द सरकत येताना दिसली म्हणजे मी काही क्षण कामावर जाण्याचे विसरतो.

अमरावतीच्या माणसाला व्यापारी शहर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून सावकारांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात १८०७ साली आपल्या शहराभोवती परकोटाचे काम सुरू झाले. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. त्या तांड्याची कल्पना मी या धक्क्यावर बसून अनेकदा करतो. उत्रेख्तच्या सावकाराने आपली दौलत पाण्याकडे उघडी ठेवली, कारण त्याचे भाग्य पाण्यावरून यावयाचे होते. अमरावतीच्या सावकाराने ती दगडी कोटाआड बंद केली, कारण त्याचे दुर्भाग्य घोड्यावरून यावयाचे होते. दोघांचा विवेक सारखाच होता.

आणि ज्याला कोट बांधता येत नव्हता त्या आमच्या शेतकऱ्याने जमिनीचा आश्रय केला. आमच्या घरी, पूर्णेच्या खोऱ्यातील एका खेड्यात, पेव होते. काळ्या मातीत ओल धरते, म्हणून पेव गावठाणाच्या पांढरीत खणावयाचे; तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत पोट घागरीसारखे फुगलेले; तळाला आणि भोवती कडबा व भुस्सा, मध्ये ज्वारी, आणि वर मातीने लिंपून असे बंद करावयाचे की परक्या माणसाने त्यावर उभे राहूनही त्याला संशय येऊ नये. दुष्काळाच्या साली, लेकीच्या लग्नात किंवा देणेकरी फार अडला तरच ते फोडीत. पेव फुटणे या शब्दप्रयोगाचा अर्थ शहरातील मुलांना आता कोशात पाहावा लागतो. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. पेव उघडल्यावर ते तसेच वारा घेण्यासाठी टाकून ठेवीत, आणि मग आजी दोरीला बांधलेला कंदील आत सोडावयास लावी. मी कडेला ओणवा होऊ लागलो की माझा दंड धरून ती म्हणे, "बापू, आधी दिवा जाऊ दे. दिवा इझला त मानूस बी इझते." ते वाक्य मी सातासमुद्रांपलीकडे आणले आहे. येथील कोणत्याही तळघराच्या उंबरठ्यावर पाय ठेवताना माझी नजर अजून प्रथम दिव्याकडे जाते.

या शहराच्या भूतकाळात सर्वांत खोल उतरता येते ते डोम या जुन्या चर्चच्या चौकात. डोमचा मनोरा १३२१ ते १३८२ या काळात उभा राहिला. उंची सुमारे ११२ मीटर, पायऱ्या ४६५, आणि सबंध देशात याहून उंच मनोरा दुसऱ्या कोणत्याही चर्चला नाही. परंतु नवख्या माणसाला कोड्यात टाकते ती वेगळीच गोष्ट: मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे, आणि मध्ये मोकळे मैदान. वस्तुतः तेथे चर्चचा मधला भाग होता. बांधतेवेळी पैसा अपुरा पडल्यामुळे त्याच्या भिंतींना द्यावयाचे आधार राहून गेले होते, आणि १ ऑगस्ट १६७४ रोजी आलेल्या भयंकर वादळाने तो भाग अल्पावधीत जमीनदोस्त केला. दोन्ही टोके उभी राहिली, मध्य नाहीसा झाला. तो ढिगारा दीडशे वर्षे तसाच पडून होता, १८२६ साली तो हलविला गेला, आणि पडलेला भाग पुन्हा कधीच बांधला गेला नाही.

त्या चौकाच्या फरशीखाली, सुमारे पाच मीटर खोल, २०१४ पासून लोकांना उतरता येते. हातात एक विजेरीसारखे यंत्र देतात. काळोखात त्याचा झोत ज्या दगडावर पडतो, त्या दगडाची हकीकत कानांत ऐकू येऊ लागते. खाली रोमन गढीच्या भिंतीचे अवशेष आहेत, तिच्यावर नंतरच्या धर्ममंदिरांचे थर आहेत, आणि त्या सर्वांवर १६७४ च्या वादळात कोसळलेल्या खांबांचे तुकडे, जेथे पडले तेथेच. जमीन कापून पाहिली असता काळ आडवा पसरलेला नसून उभा रचलेला असतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या थरांशी खांदा लावून उभे राहणे वेगळे. मी तेथे सहा वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी पाहुणे निराळे होते. कारण निराळे नव्हते.

आमच्या मुलखात खाली काही नाही असे मला कोणी म्हणू नये. अंबादेवीच्या मंदिरापासून कौंडिण्यपुरापर्यंत भुयार गेले आहे, त्या वाटेने रुक्मिणी देवीच्या दर्शनास येत असे, ही आख्यायिका अमरावतीच्या प्रत्येक मुलाने आजीच्या मांडीवर ऐकलेली असते; आणि त्याच कौंडिण्यपुरात मोरेश्वर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला, हे मात्र त्या मुलाला मोठेपणीही सहसा कोणी सांगत नाही. वऱ्हाडच्या वेशीवरील बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, १६१५ साली, सातपुड्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. शंभरावर विहिरींसारख्या कुंड्या, त्यांना आतून जोडणारा नाला, आणि पाणी केवळ उताराच्या बळावर चालते. इराणातील कनातीची ती विद्या तापीच्या काठी चार शतके नांदते आहे. आत उतरलो होतो तेव्हा भिंतींवर क्षारांची पांढरी पुटे चढलेली पाहिली, आणि वाहत्या पाण्याला हात लावला. ते गोड होते. खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला जमिनीतून निघालेले गोड पाणी काय वाटते, ते पूर्णेच्या खोऱ्याबाहेर समजावे अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नसे, आणि अकोल्याच्या नळाला काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी सबंध घर पहाटे जागे होत असे.

म्हणूनच या शहराच्या एका कृतीने मला सर्वांत अधिक हलविले. शहराभोवतीच्या जुन्या खंदकाचा काही भाग १९७० च्या दशकाच्या आरंभी बुजवून त्यावर मोटारींचा हमरस्ता केला होता. नागरिकांस ते सलत राहिले. २००२ साली त्यांनी मतदानाने कौल दिला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये रस्ता उखडून तेथे पुन्हा पाणी सोडण्यात आले. ते आता एका मोठ्या बाजारपेठेच्या इमारतीखालूनही वाहते. जवळच रेल्वे स्थानकासमोरील चौकाच्या पोटात साडेबारा हजार सायकली ठेवण्याचे त्रिस्तरीय तळघर आहे, जगातील अशा प्रकारचे सर्वांत मोठे. मी रोज तेथेच माझी सायकल ठेवतो. पाणी परत आले त्या आठवड्यात काठावर वृद्ध माणसे खुर्च्या टाकून नुसती बसलेली मी पाहिली. अमरावतीचा अंबानाला आणि अकोल्याची मोर्णा ही नावे त्या वेळी माझ्या मनात आली, आणि मी तेथे फार वेळ थांबू शकलो नाही.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक बाई राहतात. त्यांचे तळघर त्यांच्या आजोबांपासून चालत आलेले; आता तेथे एक कुंभारकाम करणारी मुलगी भाड्याने आहे, आणि कमानीखाली ओल्या मातीचा जो वास येतो तो मला तळघराबाहेर पाऊल टाकू देत नाही. गेल्या हिवाळ्यात बाईंनी मला खाली नेले, भिंतीवर तळवा ठेवून ओल किती चढली ते पाहिले, आणि सहज विचारले, तुमच्या देशात लोक जमिनीखाली काय ठेवीत? मी पेवाची सर्व हकीकत सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, मग विचारले, ते अजून आहे काय?

उत्तर मला ठाऊक नव्हते. रात्री गावी काकांना फोन केला. पेव कुठे होते हे आठवते काय, असे विचारताच ते म्हणाले, "आठवते म्हंजे? त्याच्यावर बकऱ्या बांधतो ना मी." मग फोन तसाच धरून ते अंगणात गेले असावेत; पावलांचा आवाज आला, बकरी ओरडली, आणि पाठोपाठ काहीतरी जड जमिनीवर आपटल्याचे, एकदा, दोनदा, ऐकू आले. "आयकलं का बापू? मुसय ठोकलं. आवाज अजून पोकय येते."