'पुढे काय?' असं कुणी विचारलंच नाही

एखादा चित्रपट चालला की त्याचा दुसरा भाग काढायचा, ही हॉलिवूडची जुनी सवय आहे. बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांतच दुसरा भाग येऊन थडकतो. 'इंडिपेंडन्स डे' या चित्रपटाच्या बाबतीत मात्र प्रेक्षकांना तब्बल वीस वर्षे वाट पाहावी लागली. पहिला भाग आला जुलै १९९६ मध्ये आणि दुसरा, म्हणजे 'इंडिपेंडन्स डे : रिसर्जन्स', जून २०१६ मध्ये. दोन्हींचे दिग्दर्शक एकच, मूळचे जर्मन असलेले रोलँड एमरिक. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर चाल करून येतात आणि माणसं त्यांना परतवून लावतात, ही कथाही एकच. तरी पहिला भाग आमच्या घरातल्या सगळ्यांना अजून पाठ आहे, आणि दुसऱ्यातलं एकही दृश्य कुणाला नीट आठवत नाही. असं का झालं असावं, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

पहिल्या भागाची गोष्ट अगदी सरळ आहे. २, ३ आणि ४ जुलै असे तीन दिवस. पहिल्या दिवशी प्रचंड यानं येऊन मोठमोठ्या शहरांवर थांबतात. एकेक यान सुमारे २४ किलोमीटर रुंदीचं, म्हणजे साधारण बेळगावपासून खानापूरपर्यंत आकाश झाकून टाकणारं! यानं येतात आणि नुसती थांबतात. बराच वेळ काहीच घडत नाही. रस्त्यावरची माणसं वर बघतात, कुणी पळतं, तर कुणी गच्चीवर स्वागताचे फलक घेऊन नाचतं. खरी भीती आहे ती या थांबण्यात. केबल कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिडच्या लक्षात येतं, की उपग्रहाच्या संदेशात एक उलटी मोजणी लपलेली आहे. तो आपल्या म्हाताऱ्या वडिलांना गाडी चालवायला लावून वॉशिंग्टनला निघतो, आणि आपणही मनातल्या मनात त्या गाडीत जाऊन बसतो.

आम्ही हा चित्रपट पाहिला तो टॉकीजमध्ये नव्हे, तर घरी, केबलवर, १९९९ च्या सुमारास. त्या वेळी आमच्या घरात दोन आज्या होत्या. सासूबाई मराठी, त्यांना कन्नड बाजारापुरतं यायचं. माझी आई, म्हणजे अव्वा, गोकाककडची. तिला मराठी समजायचं, पण बोलताना ती कन्नडवरच यायची. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं. मग मधे बसायचे माझे सासरे. ते तार खात्यातून निवृत्त झालेले. पडद्यावर काय चाललंय ते उजवीकडे सासूबाईंना मराठीत आणि डावीकडे अव्वाला कन्नडमध्ये सांगायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते जरा थांबले, की एकीकडून "पुढे काय झालं हो?" आणि दुसरीकडून "आमेले?" असं एकदमच यायचं. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. तो आजोबांच्या मांडीवर बसून दोन्ही भाषांत ऐकायचा.

दोघी आज्यांना यानांशी काही देणंघेणं नव्हतं. बोगद्यात आगीचा लोळ घुसतो, तेव्हा ते पोर आणि त्याची आई वाचली का, आणि तो कुत्रा वाचला का, एवढंच त्यांना हवं होतं. कुत्रा ऐनवेळी उडी मारून आत येतो तेव्हा अव्वाने चक्क टाळी वाजवली. राष्ट्राध्यक्षांची बायको दवाखान्यात जाते आणि ते आपल्या लहान मुलीला, आई झोपली आहे असं सांगतात, तिथे सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. डेव्हिडचे वडील त्याला गार जमिनीवरून ऊठ, सर्दी होईल म्हणून दटावतात आणि त्या सर्दीवरूनच त्याला शत्रूच्या संगणकात 'व्हायरस' सोडायची कल्पना सुचते, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. घरच्या वडीलधाऱ्याच्या काळजीतून जग वाचावं, हे त्यांना अगदी पटण्यासारखं होतं. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरून आलेले शत्रू पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी मरतात. चित्रपटाने ते जंतू संगणकात नेले, एवढंच.

पण सासरे स्वतः कुठे थांबले असतील, तर ते मोर्सच्या प्रसंगाला. उपग्रह निकामी झालेले, जगभरच्या सैन्यांना निरोप कसा पोचवायचा? मग जुना मोर्स कोड बाहेर काढला जातो. कडकट्ट, कडकट्ट! आमच्या सासऱ्यांचं सारं आयुष्य त्या कडकट्टवर गेलेलं. ते भाषांतर करायचंच विसरले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागली. दोन्ही बाजूंनी "पुढे काय?" आणि "आमेले?" सुरू झालं, तेव्हा कुठे ते भानावर आले. म्हणाले, "बघा, सगळं नवं बंद पडलं, आणि शेवटी आमचंच यंत्र कामाला आलं!" त्यानंतर हा चित्रपट केबलवर लागला, की आम्ही हातातलं काम टाकून बसायचो.

२०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली. त्या दिवशी सासरे फार बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळे २०१६ मध्ये दुसरा भाग येतोय असं कळलं, तेव्हा मुलाने हैदराबादहून फोन केला आणि आपण सगळ्यांनी मिळून तो पाहायचाच असं ठरवलं. तो मुद्दाम रजा काढून आला. अव्वाचे गुडघे धरलेले, तरीही ती यायला तयार झाली. खरं सांगायचं, तर आम्ही चित्रपट पाहायला जात नव्हतो. सासऱ्यांची दोन घटका गाठ पडावी, अशीच काहीशी आमची अपेक्षा होती.

आणि नेमका तिथेच दुसरा भाग कमी पडला. पहिल्या भागातला विमानवीर स्टीव्हन हिलर, म्हणजे विल स्मिथ, या भागात नाहीच. मधल्या काळात विमानाची चाचणी घेताना तो गेला, असं सांगितलं जातं. त्याचं मोठं चित्र व्हाइट हाउसमध्ये लावलेलं आहे आणि त्याचा मोठा झालेला मुलगा ते पाहतो. गेलेल्या माणसाची तसबीर घरात असणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या भिंतीजवळून जाताना पाय आपोआप थबकतात. इथे मात्र कॅमेरा क्षणभर रेंगाळतो आणि पुढच्या धावपळीला लागतो. तीच गत हिलरच्या बायकोची. बोगद्यातून पोराला वाचवणारी ती आई या भागात पोराच्या डोळ्यांदेखत मरते, आणि चित्रपटाला तिच्यासाठी दोन मिनिटं रडायलाही सवड नाही.

या वेळी यान किती मोठं? तर सुमारे ४,८०० किलोमीटर! काश्मीर ते कन्याकुमारी अंतराहूनही मोठं. बेळगाव ते खानापूर डोळ्यांसमोर आणता येतं, हे कसं आणणार? दुबईची बुर्ज खलिफा आणि क्वालालंपूरचे जुळे मनोरे उचलून लंडनवर आपटले जातात, पण त्या इमारतींत असलेलं एकही माणूस आपल्या ओळखीचं नसतं. पहिल्या भागात व्हाइट हाउसची प्रतिकृती बांधून ती खरोखर स्फोटाने उडवली होती. रस्त्यातून धावत येणाऱ्या आगीसाठी रस्त्याचं मॉडेल उभं करून, खालून आग पेटवून, वर लावलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं. आग स्वभावाने वरच चढते, त्यामुळे पडद्यावर ती अंगावर आल्यासारखी दिसते. या कामाला ऑस्करही मिळालं. दुसऱ्या भागात बहुतेक सगळं संगणकावर तयार केलेलं. त्यात कसब नाही असं कोण म्हणेल? पण भाजल्यासारखं वाटत नाही.

पटकथेला पाच लेखक होते. पहिला भाग १४५ मिनिटांचा, तर दुसरा १२० मिनिटांचा, आणि माणसं मात्र दुप्पट. त्यामुळे वाट पाहणं, जे पहिल्या भागाचं खरं बळ होतं, त्याला जागाच उरली नाही. चांगलं काहीच नव्हतं असं नाही. वीस वर्षे बेशुद्ध असलेला शास्त्रज्ञ डॉ. ओकन जागा होतो आणि इतकी वर्षे त्याची काळजी घेणारा डॉक्टर त्याच्याशी बोलतो, तो प्रसंग हृद्य आहे. आफ्रिकेत एक यान उतरलं होतं आणि तिथल्या लोकांनी परग्रहवासीयांशी जमिनीवर वर्षानुवर्षे लढाई केली, असाही उल्लेख येतो. मला वाटतं, खरा दुसरा भाग तिथे होता! यंत्रं, विमानं काही नसताना ती माणसं कशी लढली असतील, रात्री मुलांना काय सांगून झोपवत असतील? पण ते चार वाक्यांत उरकलं.

पैशांचा हिशेबही बोलका आहे. पहिला भाग साडेसात कोटी डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात ८१ कोटींहून अधिक कमावले. दुसऱ्याला साडेसोळा कोटी लागले आणि मिळाले सुमारे ३९ कोटी. शेवटी तिसऱ्या भागाची सोय करून ठेवली होती, पण तो आलाच नाही. विल स्मिथने नकार दिला तेव्हाच आपण हा चित्रपट सोडायला हवा होता, अशी कबुली पुढे २०१९ मध्ये खुद्द एमरिक यांनी दिली. आधीची चांगली पटकथा बाजूला ठेवून घाईने दुसरी उभी करावी लागली, असंही ते म्हणाले.

चित्रपटगृहात अव्वाला सगळं समजावून सांगायचं काम मुलाने घेतलं होतं. त्याने सुरुवात केली, पण अर्ध्या तासाने तो आपोआप गप्प झाला. अव्वाने एकदाही "आमेले?" म्हटलं नाही. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, की आवाज फार होता. मुलगा घरी येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, आज आजोबा असते तरी त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं गं." मला त्याचं वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. आजोबा काय सांगायचे आणि का सांगायचे, हे त्याला बरोबर कळलं होतं.

अव्वा पुढे २०१९ मध्ये गेली. मुलाचं लग्न झालं, सूनबाई तेलुगू घरातली. त्यांची मुलगी आता चार वर्षांची आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी तिला पहिला भाग दाखवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. इंग्रजीतच लावायचा. मराठीत मी सांगेन, तेलुगूत तिची आई सांगेल, आणि मोर्सच्या प्रसंगाला खुर्चीच्या हातावर कडकट्ट करायचं काम तिच्या बाबाचं.