गावकावळा

कावळा कोणास ओळखू येत नाही? रंग काळा आणि आवाज काव काव, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. परंतु कौलावर बसलेला कावळा एकदा नीट न्याहाळावा. त्याचे कपाळ, गळा, पंख व शेपूट काळीभोर असतात. मान आणि छाती मात्र राखेच्या रंगाची. जणू काळ्या अंगरख्यावर त्याने उपरणेच घेतले आहे! हा गावकावळा. सर्वांगाने काळा, अंगाने थोराड, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. डोमकावळा रानातही सुखाने नांदतो. गावकावळ्याला मात्र माणसाचा शेजार सोडवत नाही.

१८१७ साली व्हिएलो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने गावकावळ्याला शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘स्प्लेंडेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘झळाळणारा’. उन्हात त्याच्या पंखांवर खेळणारी निळी-जांभळी झाक ज्याने पाहिली, त्याला हे नाव पटेल. आपल्याकडे कुरूपतेला दृष्टान्त हवा की कावळा! दहाव्या दिवशी पिंडापाशी हात जोडून त्याची आर्जवे करणारी माणसेच दुसऱ्या दिवशी त्याला खरकट्यावरून हाकलतात.

त्याला ‘एकाक्ष’ म्हणतात, तेही खरे नव्हे. डोळे दोन्ही शाबूत असतात. परंतु ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळची वस्तू निरखताना तो मान वाकडी करून एका डोळ्याने पाहतो. गोष्टीतले त्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. खरे घरटे काटक्यांचे असते. शहरात तो त्यात तारांचे तुकडेही गुंफतो आणि आत काथ्या अंथरतो.

याच घरट्यावर कोकिळेचा डोळा असतो. काळा कोकीळ कावळ्यांना डिवचून आपल्यामागे पळवतो आणि तेवढ्यात ठिपकेदार मादी अंडे घालून जाते. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिलांच्या आधी अंड्यातून बाहेर येते आणि पहिला घास पटकावते. धूर्त कावळा असा फसला, याची लोकांना मोठी मौज वाटते. त्या नर-मादीला मात्र तेव्हा उसंत नसते. पिल्लू घरट्याबाहेर पडल्यावरही कित्येक दिवस ते फांदीवर बसून ओरडते, आणि कावळा चोचीत घास धरून त्याच्याकडे येत राहतो.