मूल गप्प होतं तेव्हा

शांत मुलाचं आपल्याकडे फार कौतुक. 'आमचा मुन्ना एका जागी बसवला की हलत नाही,' असं अम्मी पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. पण गप्प असणं वेगळं आणि गप्प होणं वेगळं. काही मुलं स्वभावानंच कमी बोलतात. कालपर्यंत अखंड बडबडणारं मूल मात्र आज बोलेनासं झालं, ताट पुढे ठेवलं तरी बघेनासं झालं, तर तो गुण समजू नये. ती खूण असते.

या खुणेचं सर्वांत टोकाचं रूप स्वीडनमध्ये दिसलं. आपलं वतन सोडून तिथं आसरा मागायला आलेल्या कुटुंबांतली मुलं १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक अंथरुणाला खिळू लागली. आधी उदास होत, मग खेळणं सुटे, बोलणं सुटे, खाणं सुटे. शेवटी डोळे मिटून पडून राहत. हाक मारली, चिमटा काढला, अंगाला बर्फ लावला तरी काही हालचाल नाही. नाकातून नळी घालून दूध-पाणी द्यावं लागे. कुणी काही महिने असं पडून होतं, कुणी वर्षाहून अधिक. २००३ ते २००५ या काळात अशी चारशेहून जास्त मुलं नोंदली गेली. बहुतेक जण जुन्या सोव्हिएत संघातून आणि युगोस्लाव्हियातून आलेले होते.

डॉक्टरांपुढे निदानाचा पेच होता. फिट्स, मेंदूज्वर, विषबाधा, मेंदूतली गाठ अशा एकेका शंकेसाठी तपासण्या झाल्या. रक्त ठीक, मेंदूचा आलेख ठीक, सगळं ठीक, आणि मूल मात्र निपचित. शरीराचं कारण सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी घरची हकीकत विचारली. बहुतेक घरांत गोष्ट सारखी निघाली. मायदेशात मारहाण किंवा छळ पाहिलेला, इथं भाषा शिकून शाळेत रमलेलं मूल, आणि तेवढ्यात आलेलं सरकारी पत्र : तुमचा अर्ज नामंजूर, परत जा. अनेकदा ते पत्र आईबापांना वाचून दाखवणारं मूलच असे, कारण घरात स्वीडिश त्यालाच येई. २०१४ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं या आजाराला नाव दिलं. त्या नावाचा अर्थ आहे, आशा सोडून देण्याचा आजार.

हे नाटक आहे, असा आरोप तेव्हाही झाला. २०१९ मध्ये मोठ्या झालेल्या काही जणांनी, घरच्यांनीच आपल्याला पडून राहायला लावलं होतं, असं सांगितलंही. ते लपवायचं कारण नाही. पण त्यावरून प्रत्येक मूल खोटं ठरत नाही. आणि ज्या मुलाला महिनोन्‌महिने मुर्दा बनून पडायला लावलं गेलं, त्याच्यावर जुलूम झाला नाही असं कोण म्हणेल? आजारी असो की मजबूर, मदत दोघांनाही हवी.

गमामुळे शरीर आजारी पडतं, हे आपल्याला परकं वाटायला नको. हजरत याकूब (अलै.) यांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. यूसुफच्या विरहात त्यांच्या डोळ्यांची दृष्टी गेली. ते नबी होते, सब्र करणारे होते, तरी गेली. आणि बेटा जिवंत असल्याची खूण, त्याचा कुर्ता, चेहऱ्यावर टाकला तेव्हा दृष्टी परत आली. स्वीडनच्या डॉक्टरांचा अनुभव याच्याशी जुळतो. घरच्यांना राहायचा परवाना मिळाला, आईबापांच्या चेहऱ्यावरची भीती गेली, की बहुतेक मुलं हळूहळू परतत. लगेच नव्हे, काही महिन्यांनी. आधी डोळे उघडत, मग घोटभर पाणी, मग एखादा शब्द.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा एका शाळेतल्या छावणीत माझी ड्यूटी होती. बकरी ईद आम्ही तिथंच काढली. नदीकाठच्या गावातला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. बोलेना, जेवेना. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पाण्यावरचं काही झपाटलंय, कुणी म्हणालं लाड आहेत. छावणीत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, डोक्याला मार लागलाय का पाहिलं, कान तपासले, मग त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, 'यानं काय पाहिलं?' गोठ्यात बांधलेली म्हैस सोडायला वेळ मिळाला नव्हता. घराचं काय झालं, हे मोठी माणसं त्याच्यापासून लपवून कुजबुजत होती. बाईंच्या सांगण्यावरून अब्बांनी त्याला जवळ घेऊन खरं सांगितलं. एक भिंत पडली आहे, म्हैस गेली, आणि शुक्रवारी आपण मामूच्या घरी जाणार आहोत. त्या रात्री त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. हा स्वीडनमधला आजार नव्हता, पण वाट त्याच बाजूची होती. शुक्रवार या एका शब्दानं त्याच्या पुढ्यात उद्याचा दिवस ठेवला.

असा उद्याचा दिवस कोल्हापूरनं एकदा हजारो मुलांच्या पुढ्यात ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडमधून हद्दपार केलेली कुटुंबं सैबेरिया, कझाकस्तान, इराण असं करत १९४३ पासून शेजारच्या वळिवड्याला आली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. भूक, थंडी, आईबापांचे मृत्यू पाहिलेली ही मुलं. तेव्हा त्यांच्या मनाच्या आजाराला कुणी नाव दिलेलं नव्हतं. पण छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट पथकं होती. सकाळी उठून जायला जागा होती. १९४८ पर्यंत ती इथं राहिली. पुढे त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं वसली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. २०१९ मध्ये, महापूर ओसरून महिना झाला नव्हता तोवर, इथं वाढलेले वृद्ध पोलिश पाहुणे आपलं बालपण पाहायला वळिवड्याला आले होते.

तेव्हा भगिनींनो, घर बदललं, मोहल्ला सुटला, तलाक झाला, अब्बा परदेशी गेले, कुणी दगावलं, दंगल पाहिली, आणि त्यानंतर मूल गप्प झालं, तर दोन-चार दिवसांहून जास्त वाट पाहू नका. खाणंपिणंच सुटलं असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. शरीराचं कारण नसल्याची खात्री आधी व्हायला हवी. मग मानसोपचार. सरकारी जिल्हा रुग्णालयात त्याची सोय असते, आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतसुद्धा. दुआ जरूर करा, दम करा, पण दवेच्या जागी नको. शाळेतही कळवा, म्हणजे वर्गात त्याला उभं करून बोलतं करण्याचा हट्ट कुणी धरणार नाही. त्याच्याजवळ बसा, जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ मोडू देऊ नका, आणि जे घडलं ते त्याच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा. मूल ऐकत नाही असं वाटतं तेव्हाही ते बहुधा ऐकत असतं.