गुराब घडवण्याआधी कोणती पुस्तके उघडावीत?

१/ दर्यापूरच्या नावात दर्या आहे, खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यात मीठ आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. चंद्रभागेकाठच्या या गावातील एखाद्या तरुणाने मराठा आरमारातील गुराबेची प्रतिकृती करायचे ठरवले, तर त्याला गोदी दिसणार नाही, तांडेल भेटणार नाही. त्याचे बंदर म्हणजे पुस्तके. म्हणून ती निवडण्यात चूक झाली, तर पुढची सारी कारागिरी वाया जाते.

२/ फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. त्या गुराबांचे बांधणी-आराखडे आज प्रतिकृतिकाराच्या हाती येत नाहीत. याउलट स्वीडनच्या चॅपमन या जहाजरचनाकाराने १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात युरोपीय जहाजांची रेखाटने मोजमापांसह मिळतात.

३/ मोह इथेच होतो. ज्याचा आराखडा सहज मिळतो त्याचे जहाज घडते आणि त्यावर भगवा चढवून त्याला गुराब म्हटले जाते. प्रदर्शनातला प्रेक्षक तळटीप वाचत नाही, तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो. एक देखणी चूक शेकडो मनांत इतिहास म्हणून रुजते आणि कोकणी सुतारांची स्वतंत्र विद्या दुसऱ्यांदा बुडते.

४/ म्हणून आरंभ ‘आज्ञापत्रा’पासून करावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, सुमारे १७१५-१६ च्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात. वाऱ्यावाचून हलू न शकणारी अवाढव्य जहाजे नकोत, असा त्याचा आशय. रयतेने जोपासलेल्या आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, ही ताकीदही त्यात आहे. मापे मिळत नाहीत. रचनेमागचा विचार मिळतो.

५/ मापांसाठी शत्रूकडे जावे लागते. रॉबर्ट ऑर्मच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ चा. त्यानुसार तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. तळ उथळ, रुंदी लांबीच्या मानाने जास्त, पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी निघालेली नाळ आणि तिच्या दिशेने रोखलेल्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत क्वचितच ७० टनांपुढे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि चिरलेल्या बांबूंचा हलका डेक. इथे टन म्हणजे माल वाहण्याची क्षमता; त्यातून जहाजाची लांबी थेट निघत नाही.

६/ क्लेमेंट डाउनिंगचे पुस्तक १७३७ चे. तो कंपनीच्या बाजूने आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत होता आणि कान्होजींना चाचा म्हणतो. शिवी बाजूला ठेवून वर्णन घ्यावे. आकडे मात्र ताडून पाहावेत. पराभूताला शत्रूची जहाजे नेहमीच जास्त दिसतात.

७/ उरलेल्या जागा भरायला नौकाबांधणीची पाहणी उपयोगी पडते. फ्रेंच नौदल अधिकारी पारी याने १८४० च्या दशकात युरोपाबाहेरील नौकांची रेखाटने प्रसिद्ध केली; जेम्स हॉर्नेलचा भारतीय नौकांवरील प्रबंध १९२० चा. शिडाचा कल, फळ्यांची जोडणी यांसाठी ही कामे मोलाची. पण ती आंग्र्यांनंतर बऱ्याच काळाने झाली, हे भान सुटू नये.

८/ या साऱ्यांची सांगड घालण्यासाठी सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथ (१९२८) आणि बी. के. आपटे यांचा मराठा आरमार व व्यापारी नौकांचा इतिहास (१९७३) जवळ असावा. ऑर्म आणि डाउनिंग यांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तेव्हा दर्यापुरात बसूनही अभ्यास अडत नाही.

९/ सागवान आणि बांबू मेळघाटात आहेतच. प्रतिकृतीशेजारी एक छोटी पाटी मात्र हवी: नाळ ऑर्मवरून, शीड पारीवरून, सुकाणूचा आकार अंदाजाने. अंदाजाला अंदाज म्हटले, की उद्या नवा कागद सापडल्यावर तेवढा भाग बदलता येतो आणि बाकीची गुराब तशीच उभी राहते.