जुन्नरचा परका : एक घोडा, चार दिवसांची मुदत आणि नागरिकत्व

१/८
पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तो त्वेर नगरचा. सोबत विक्रीसाठी आणलेला एकच घोडा. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला.

२/८
जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते आणि तिथला अंमल असदखानाकडे होता. निकितिन मुसलमान नाही हे कळताच खानाने घोडा जप्त केला. धर्म स्वीकारला तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी. नाकारला तर घोडा गेला आणि हजार नाण्यांचा दंड. मुदत चार दिवस.

३/८
निकितिनला वाचवले ते ख्वाजा मुहम्मद या खुरासानी माणसाने. त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. परक्याच्या मदतीला धावला तोही मुळात परकाच.

४/८
हे परकेपण बहमनी दरबारालाही पोखरत होते. जुने रहिवासी ‘दख्खनी’, इराण-मध्य आशियातून आलेले ‘आफाकी’. वजीर महमूद गावान गीलानचा. राज्य त्याने सावरले. तरी १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला.

५/८
याच जुन्नरच्या डोंगरांत त्याहून हजारांवर वर्षे जुने ब्राह्मी लेख आहेत. यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, यवन चिटाने भोजनमंडप. दान स्वीकारताना ‘यवन’ ही ओळख कुणी पुसली नाही. अर्थात दान स्वीकारले म्हणजे हक्क मिळाले, असे नव्हे.

६/८
हक्काची भाषा आली ती ऑगस्ट १९४९ मध्ये, संविधान सभेत. विदर्भाचे पंजाबराव देशमुख म्हणाले की, या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. हिंदू व शिखांसाठी वेगळी तरतूद हवी. नेहरूंनी मसुद्याची बाजू मांडली. देशमुखांची सूचना संविधानात आली नाही.

७/८
१९५५ च्या कायद्याने जन्म, वंश, नोंदणी, देशीयीकरण आणि प्रदेशाचे विलीनीकरण असे पाच मार्ग आखले. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली. समर्थकांच्या मते हा छळ झालेल्यांना आसरा. विरोधकांच्या मते धर्म ही कसोटीच समतेच्या तत्त्वाला छेद देणारी.

८/८
निकितिनला दाद मागायला कायदा नव्हता. होता तो एक भला माणूस. आजच्या परक्याला निदान न्यायालयाचे दार आहे. निकितिन त्वेरला पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. त्याच्या वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवल्या, म्हणून जुन्नरचे ते चार दिवस आज आपल्याला ठाऊक आहेत.