अंथरुणापुरते पाय

आमच्या घरात भाषा दोन, पण म्हण एकच. माझी आई म्हणायची, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." लग्न होऊन बैलहोंगलकडच्या कानडी घरात आले, तर सासूबाईही तेच सांगत होत्या, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." भाषा बदलली तरी अंथरूण तेवढंच राहिलं, असं मी तेव्हा हसून म्हटलं होतं. पुढे वीस वर्षांनी लेकीने आमच्या अंथरुणाचं माप काढायला लावलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

२०१८ सालच्या जूनमधली गोष्ट. लेक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. जीवशास्त्राचं तिला वेड. पावसाळ्यात आंबोलीला नेलं की धबधब्याकडे पाठ करून ही दगडाखालचे बेडूक बघत बसायची. एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, मला अमेरिकेत बी.एस्सी. करायचं आहे. तिथली काही कॉलेजं गरीब मुलांचा सगळा खर्च करतात." आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "आपण गरीब कधीपासून झालो?"

माझ्या मनाला लागलं होतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, हे पतसंस्थेत कारकून. टिळकवाडीत दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर. कुणापुढे हात पसरला नव्हता. पण लेकीने वहीवर हिशेब मांडला. ह्यांचे महिन्याला २४ हजार, माझे १८ हजार, वर्षाचे पाच लाख चार हजार. डॉलर तेव्हा ७० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वर्षाचे ७,२०० डॉलर. आणि तिकडच्या चांगल्या खाजगी कॉलेजचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ७० हजार डॉलरच्या घरात. आमची दोघांची जवळजवळ दहा वर्षांची कमाई एका वर्षात! वही मिटून ती म्हणाली, "त्यांच्या हिशेबात आपण गरीबच आहोत, आई. लाजायचं काय त्यात?"

मग तिने आम्हाला शिकवायला सुरुवात केली. तिथली कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत साधारण तीन प्रकारची. पहिला प्रकार असा, की अर्ज वाचताना तुम्हाला पैसे लागणार की नाही हे बघतच नाहीत, आणि निवड झाली की जेवढं कमी पडेल तेवढं सगळं भरून देतात. परदेशी मुलांसाठी असं करणारी तेव्हा पाचच ठिकाणं होती : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट. पुढे २०२२ मध्ये बोडन आणि डार्टमथ त्यात आली, त्यानंतर ब्राउन. पण तिथे अर्ज जगभरातून येतात आणि दार अगदी अरुंद. दुसरा प्रकार म्हणजे निवड झाली तर गरज पूर्ण भागवतात, पण निवड करतानाच पैसे मागणाऱ्याकडे जरा बारकाईने बघतात. तिसरा प्रकार प्रवेश देणाऱ्यांचा. मदतही देतात, पण अर्धीमुर्धी. उरलेलं तुम्ही बघा.

आणि एक गोष्ट तिने दोनदा सांगितली, म्हणून मीही इथे ठळकपणे सांगते. मदत हवी असेल तर ती पहिल्या अर्जातच मागावी लागते. आधी "पैशांची गरज नाही" असं लिहून प्रवेश मिळवायचा आणि मग हात वर करायचे, हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. परदेशी मुलाने सुरुवातीला मागितली नसेल तर अनेक कॉलेजं चारही वर्षं ती देत नाहीत.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण आहे. गावात एका सल्लागाराकडे आम्ही गेलो होतो. त्याने चहा मागवला आणि नेमका हाच सल्ला दिला. "मदतीच्या रकान्यात नाही म्हणून टाका, वैनी. सीट पक्की. व्हिसापुरता बँकेत पैसा दाखवायला लागतो, तो महिनाभरासाठी फिरवून देणारे आहेत. आणि साहेब तर पतसंस्थेतच आहेत की!" हे काही बोलले नाहीत. पण घरी येताना स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत होते. मला कळलं, डोक्यात ते घोळतंय. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न, एक कागद तर करायचा. कुणाच्या मनात येणार नाही?

अर्जांची तयारी सुरू झाली. सॅट, टोफेल, निबंध, शिक्षकांची पत्रं. एका फॉर्मवर शाळेतल्या समुपदेशकाची माहिती मागितली होती. तिच्या कॉलेजात समुपदेशक कुठला? शेवटी प्राचार्यांनीच चष्मा लावून तो भरला आणि कारकुनाने गोल शिक्का मारला.

मग आला पैशांचा फॉर्म. सीएसएस प्रोफाइल म्हणतात त्याला. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. मदत मागायलाही पैसे लागतात, हे मला तेव्हा कळलं. काही कॉलेजं फी माफ करतात, पण त्यासाठी आधी पत्र लिहून विचारावं लागतं. लेकीने विचारलं, आणि दोघांनी माफ केली.

त्या रात्री लेक प्रश्न वाचत होती आणि आम्ही उत्तरं देत होतो. पगार किती? कर किती? बँकेत किती? घर कधी घेतलं, आज किंमत काय? शेत आहे का? कर्ज आहे का?

"घराचं कर्ज फिटलं. बाकी काही नाही," मी म्हटलं.

हे गप्प.

लेकीने पुन्हा विचारलं, "पप्पा, काही नाही असं लिहू?"

कोपऱ्यात सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. घरात सगळे त्यांना अव्वाच म्हणतो. त्यांनी मान वर न करता लेकाला म्हटलं, "हेळ." सांग म्हणून.

आणि मग ह्यांनी सांगितलं. २०११ साली मामंजींच्या आजारपणात बैलहोंगलच्या दोन एकरांवर कर्ज काढलं होतं. शेत अव्वांच्या नावावर, पण हप्ते ह्यांच्या पगारातून. अजून दोन लाख दहा हजार बाकी होते. सात वर्षं मला माहीत नव्हतं. पगारातून पतसंस्थेची ठेव कापतात असं मी समजत होते. मनात म्हणत होते, लेकीच्या लग्नाला होईल.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. राग पैशांचा नव्हता. मामंजींच्या औषधाला मी नाही म्हटलं असतं का? पण मी कधी विचारलंच नव्हतं, आणि ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सात समुद्रांपलीकडच्या कुठल्याशा कॉलेजच्या कागदाने जे विचारलं, ते आम्ही नवरा-बायकोने एकमेकांना विचारलं नव्हतं.

अव्वा मागून आल्या. म्हणाल्या, "केळूदु तप्पल्ल." आपल्या कानडी वाचकांना सांगायला नको, पण मराठी माहेरवाशिणींसाठी सांगते : विचारणं, मागणं आणि ऐकणं, या तिन्हीला कानडीत एकच शब्द आहे, केळ. विचारण्यात चूक नाही, मागण्यात चूक नाही, ऐकून घेण्यातही नाही. अव्वांच्या मनात यातलं काय होतं ते मी विचारलं नाही. मला तिन्ही लागू होतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्ममध्ये सगळं खरं गेलं. शेतही गेलं, कर्जही गेलं, कर्ज कशासाठी ते लेकीने शेवटच्या रकान्यात चार ओळींत लिहिलं. पतसंस्थेच्या खोट्या दाखल्याचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटतं, एकदा खरं बोलून झाल्यावर त्यांचंच मन हलकं झालं होतं.

मागण्याची माझी लाजही हळूहळू गेली. लेकीने मला आनंदीबाई जोशींची आठवण करून दिली. गोपाळराव पोस्टात नोकरीला. कोल्हापूरला असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी वाचलं, आणि त्यातून ओळख वाढत १८८३ साली आनंदीबाई जहाजात बसल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. अमेरिकेची वाट आपल्याकडे मागूनच उघडली आहे. आपण मात्र ते धडा म्हणून वाचतो, आणि स्वतःवर आलं की मान खाली घालतो.

सहा ठिकाणी अर्ज गेले. २०१९ च्या मार्चअखेर, पीयूसीची परीक्षा आटोपल्यावर, उत्तरं आली. चार नकार. एक प्रतीक्षा यादी, तीही पुढे सरकली नाही. आणि एक होकार! त्या संध्याकाळी ह्यांनी कुंद्याचा डबा आणला. रात्री लेकीने पत्र नीट वाचलं. खर्च ७० हजार डॉलर, कॉलेजची मदत ५२ हजार. राहिले १८ हजार. म्हणजे साडेबारा लाखांवर, आणि तेही दरवर्षी.

तिने त्यांना विनंतीचं पत्र लिहिलं. उत्तर फार सभ्य भाषेत आलं, पण रक्कम तीच. मदत देणारी कॉलेजं आपल्या हिशेबाने गरज ठरवतात, आपल्या हिशेबाने नाही, हे तेव्हा समजलं.

आता घरात उलटंच झालं. हे म्हणाले, घर गहाण टाकू. अव्वा म्हणाल्या, शेत विका, मी काय बरोबर नेणार आहे? जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरा म्हणणारी माणसं अंथरूणच विकायला निघाली. नको म्हणाली ती लेक. तिने फोडच करून दाखवली : चार वर्षांचे पन्नास लाख, त्यावर व्याज, आणि परत आल्यावर बी.एस्सी.ला इथे पगार किती? "मदत मागायची म्हणून मागितली, अव्वा. साल बेड." कर्ज नको. तिने नकाराचं पत्र स्वतः लिहिलं, आणि दोन दिवस दार लावून रडली. तिसऱ्या दिवशी बेळगावातच कॉलेजचा फॉर्म आणला.

लोक विचारायचे, "काय हो, अमेरिकेचं काय झालं?" मी सांगायची, "नाही जमलं." पहिल्यांदा घशात अडकायचं. मग सवय झाली.

बी.एस्सी. झालं, धारवाडला एम.एस्सी. झालं. २०२३ च्या डिसेंबरात तिने पुन्हा अर्ज केले, या वेळी पीएच.डी.ला. तिकडे विज्ञानातल्या पीएच.डी.चं गणित वेगळं असतं. बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाबद्दल महिन्याला विद्यावेतन देतात. आई-बापाचं उत्पन्न कुणी विचारत नाही. मला क्षणभर चुकल्यासारखंच वाटलं!

२०२४ मध्ये मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला गेलो. व्हिसाची फी १८५ डॉलर, सेविसची ३५०, विमानाचं तिकीट, एवढं ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून निघालं. विद्यापीठाच्या आय-२० कागदावर खर्च कोण करणार ते लिहिलेलं असतं. विद्यापीठाची रक्कम छापलेली होती, आणि घरच्या पैशांपुढे शून्य. तो कागद ह्यांनी दोनदा वाचला. दाखवायला कुणाचा पैसा फिरवून आणायची गरजच उरली नव्हती.

सगळं गोड झालं असं मात्र म्हणणार नाही. २०२५ साली तिथल्या सरकारने संशोधनाचे बरेच पैसे थांबवले, काही विभागांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं जवळजवळ तीन आठवडे बंद होतं. लेक त्या उन्हाळ्यात घरी आली नाही. बाहेर पडलं आणि परत जाताना अडलं तर, ही भीती. अव्वांनी तिच्यासाठी केलेल्या शेंगा चटणीचा डबा तसाच राहिला. दुसऱ्याचं अंथरूणही कधी आखडतं, हेही ध्यानात ठेवावं.

हल्ली ओळखीचे आई-बाप मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. कुठलं कॉलेज चांगलं, हे मला सांगता येत नाही. मी एवढंच सांगते : अर्ज करा, मदत पहिल्याच वेळी मागा, खरं लिहा, आणि जेवढं कमी पडेल त्याला चारने गुणून मगच पेढे वाटा. आणि त्याच्याही आधी एका रात्री दोघांनी एक कागद घेऊन बसा. पगार, ठेवी, कर्ज, सगळं लिहा. मुलांना समोर बसवा. अमेरिकेला जाणं होवो न होवो.

परवा एक खानापूरचं जोडपं आलं होतं. मी हे सांगितल्यावर बाई नवऱ्याकडे बघायला लागली आणि तो छताकडे. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत उठून गेले. जरा उशीरच लावला.